उशीला बी धरेपर्यंत

वरचं केंद्र,
८ जून

वहिनी,

पाकिटावर तुमचं नाव लिहायला घेतलं आणि सवयीने आधी ‘सौ.’ लिहून बसलो. ते पाकीट फाडलं, दुसरं घेतलं. मायना काय लिहावा ते अजूनही सुचलेलं नाही, म्हणून नुसतं वहिनी. चालवून घ्या.

पोचलो. खेचरवाल्याने मला सामानातच धरलं होतं. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, लोकांना बटणावर वर पाठवलं, आणि स्वतःवर वेळ आली तर हे असं, खेचराच्या शेपटीमागून. दादा असता तर पोट धरून हसला असता.

दोन खोल्या आहेत. पत्र्याचं छप्पर वाऱ्याने सारखं कुरकुरतं. फोनला रेंज नाही, आठवड्यातून एकदा खेचरवाल्याच्या पिशवीतून टपाल जातं-येतं. दादाच्या वस्तू फार नाहीत. दोन स्वेटर, गमबूट, दाढीचं सामान, एक भिंग. आणि तुम्ही काढलेली झाडांची चित्रं, भिंतभर टाचण्यांनी लावलेली. ती उतरवू का? दादाच्या वनस्पती-संस्थेच्या साहेबांनी निघताना सांगितलंच आहे, हा शेवटचा हंगाम. फेब्रुवारीत दादा गेला, त्याच्या जागी नवीन माणूस नेमायचा नाही, थंडी सुरू झाली की केंद्राला कुलूप.

पुढच्या फेरीला सामान घेऊन उतरतो. इथे बघण्यासारखं काही नाही. बर्फ, चिखल, दगड आणि दगडांवर शेवाळासारखं काहीतरी. दादा तीस वर्षं इथे काय बघत होता देव जाणे.

खेचरवाला घाई करतोय. तब्येत सांभाळा.

तुमचा धाकटा दीर


१२ जून

भावोजी,

मायन्याचं मनावर घेऊ नका. वहिनी पुरे आहे.

चित्रं राहू देत भिंतीवर.

तुम्ही म्हणता ते शेवाळ नव्हे. ते झाड आहे. शेकडो बारीक फांद्या एकमेकींना घट्ट बिलगून बसलेल्या असतात, म्हणून वरून हिरव्या दगडासारखं दिसतं. आम्ही त्याला ‘उशी’ म्हणायचो. उन्हाच्या वेळी त्यावर तळहात ठेवून बघा. बाहेर कितीही गार असो, वारा आत शिरत नाही आणि ऊब बाहेर पडत नाही. वर्षाला ती नखाच्या जाडीएवढी वाढते. ताटाएवढी उशी दिसली तर तिला नमस्कार करा, ती वयाने तुमच्यापेक्षा नक्की मोठी आहे.

तिथे बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंत जेमतेम दोन-अडीच महिने मिळतात. तेवढ्यात पान, फूल, फळ, बी, सगळं उरकायचं. म्हणून पुष्कळ झाडं दरवर्षी नवी पानं करत बसतच नाहीत, जुनीच बर्फाखाली सांभाळून ठेवतात. बर्फ हटला की त्याच दिवशी कामाला लागायचं. काहींचं सगळं भांडवल मुळांत असतं. वर बोटभर, खाली हातभर.

उशीला फुलं येणं अवघड नाही. बी पिकणं अवघड. गेली चार वर्षं बी पिकायच्या आत बर्फ पडला. या उतारावरचं बी संस्थेच्या शीतपेटीत कायमचं ठेवायचं, एवढं एकच काम ह्यांचं राहून गेलं.

तुम्हाला विचारायचा मला हक्क नाही. घरी तुमची कामं असतील, माणसं असतील. तरी विचारते. बी धरेपर्यंत थांबाल का?

वहिनी


२० जून

वहिनी,

थांबतो. घरी कामं खोळंबलीत, बिल्डिंगवाले लिफ्टसाठी हाका मारत असतील, पण काढतील काही दिवस जिन्याने.

दुपारी उशीवर हात ठेवला. खरंच ऊब होती हो, झोपलेल्या मांजरासारखी. हात काढवेना. मग आजूबाजूला पाहिलं, कोणी बघत नाही ना. कोण बघणार!

तुमची चित्रं हातात धरून फिरतो आणि एकेकाला ओळखतो. ओढ्याजवळ एक दांडी सापडली, तिला फुलांच्या जागी बारीक बारीक गाठी लागल्यात आणि त्या गाठींना आईच्या अंगावरच पानं फुटलीत. चित्राखाली तुम्ही ‘लेकुरवाळी’ लिहिलंय. खेचरवाला म्हणाला, “तिला बी पिकवायला सवड नाही, म्हणून ती तयार पोरंच खाली सोडते.” मला हसू आलं. म्हटलं, ही आमच्या धंद्यातली दिसते, सुटा भाग न पाठवता जोडलेलं मशीनच पाठवते.

एक विचारतो, राग मानू नका. ही झाडं तुम्हाला अशी तोंडपाठ आहेत. दादा वर्षातले पाच महिने इथे एकटा काढायचा. मग तुम्ही कधी का आला नाहीत? आई जाईपर्यंत म्हणायची, “मोठीला डोंगर नको झाला, नवऱ्याला टाकून दिलं वर.” मी तिला गप्प करायचो. पण आता दादाच्या खाटेवर बसून, त्याच्या एकुलत्या एका खुर्चीकडे बघितलं की वाटतं, एकदा तरी यायचं होतंत.

धाकटा


२५ जून

भावोजी,

पत्र मिळालं.

बर्फाची कड रोज किती मागे सरकते ते खुंट्या मारून बघत चला. उशीवर पाय पडू देऊ नका, एका पावलाची जखम भरायला वीस वर्षं लागतात. पहिलं फूल दिसलं की कळवा.

वहिनी


११ जुलै

वहिनी,

फुलं आली. काल सकाळी उतार हिरवा होता, आज उशा पांढऱ्या. इतकी फुलं की खालचं पान दिसत नाही. शेजारी ती पिवळी कटोरीसारखी फुलं आहेत ना, ती दिवसभर सूर्याकडे तोंड करून फिरतात. त्यांच्यात माश्या येऊन नुसत्या बसतात, अंग शेकत. मीही त्यांच्या शेजारी अंग शेकत बसलो. सकाळपासून कोणाशी बोललो नव्हतो, तर एका माशीला म्हटलं, “सरकून घे जरा.”

आता खरं लिहायचं ते लिहितो. तुमचं चार ओळींचं पत्र आलं तेव्हा मला राग आला. म्हटलं, साध्या प्रश्नाला उत्तर नाही. आज खेचरवाला आला तेव्हा त्याच्यापाशी बोलून गेलो, की आमच्या वहिनींनी ही जागा कधी पाहिली नाही. त्याने हातातला खेचराचा पट्टा तसाच सोडला.

“चित्रवाल्या बाई ना? त्यांना तर मीच खाली नेलं.”

“कधी?”

“लग्नानंतर दुसऱ्याच उन्हाळ्यात. ओठ जांभळे पडले होते. बसवत नव्हतं, म्हणून खेचरावर बांधलं. साहेब, म्हणजे तुमचे भाऊ, लगाम धरून पुढे. दर वळणावर थांबायचे आणि बाईंच्या तोंडाशी कान न्यायचे.”

“काय ऐकायला?”

“श्वास, दुसरं काय! खाली झाडी लागली तेव्हा बाईंनी डोळे उघडले. साहेब रस्त्यातच मटकन बसले. एवढा मोठा माणूस, हुंदके देऊन रडला.”

वहिनी, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मी जे लिहिलं ते परत घेता येत नाही. माफ करा.

धाकटा


१८ जुलै

भावोजी,

माफी कसली. माहीत नव्हतं तर विचारणारच.

पहिला उन्हाळा मी तिथे धापा टाकत काढला आणि कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या वेळी फुप्फुसात पाणी झालं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा त्या उंचीवर गेलात तर खाली याल याची हमी नाही. ह्यांनी लगेच बदलीचा अर्ज लिहिला. मी म्हटलं, “तुम्ही इथल्या ऑफिसात बसून खिडकीबाहेर बघत राहाल आणि ते मला रोज बघावं लागेल. त्यापेक्षा जा.” भांडलो खूप. शेवटी गेले. सासूबाईंना खरं सांगितलं असतं तर त्यांनी ह्यांना नोकरी सोडायला लावली असती. मग मला डोंगर नको झाला, हेच सगळ्यांना सोयीचं पडलं.

आमचा संसार थंडीतला. ते वरून वाळवलेली रोपं पाठवायचे, मी भिंगाखाली धरून चित्रं काढायची. थंडीला खाली आले की पहिले आठ दिवस दोघांनाही बोलायला सुचायचं नाही. परक्यासारखे वावरायचो, न्हाणीघराच्या दारात “आधी तुम्ही”, “नको, तुम्ही” व्हायचं. मग एकदा बोलायला लागलो की मार्च आला तरी संपायचं नाही.

म्हणून आत्ता मला काही वाटत नाही. उन्हाळ्यात एकटं राहायची सवय आहे. ते वर आहेत असंच धरून चालते. दुकानदार विचारतो, “नेहमीएवढंच?” मी हो म्हणते. भीती आहे ती थंडीची. पानं गळायला लागली की मी जिन्यातल्या पावलांकडे कान लावायची. या वर्षी कान कुठे ठेवायचा ते कळत नाही.

हे तुम्हाला का लिहिलं कोण जाणे. पंचवीस वर्षांत आपण इतकं कधी बोललो नाही.

फुलं गळाली की उशीवर बारीक बोंडं दिसतील. हिरवी असेपर्यंत हात लावू नका. तपकिरी होऊन तोंड उघडलं की मगच.

वहिनी


२२ ऑगस्ट

वहिनी,

मधल्या काळात तुमची तीन पत्रं आली आणि मी एकाला धड उत्तर दिलं नाही, कारण लिहिण्यासारखं एवढंच होतं, की बोंडं हिरवी आहेत. रोज बघतो. आजही हिरवीच.

परवा सकाळी दार उघडलं तर उतार नाहीसा. गुडघ्याएवढा बर्फ. मी आधी दादाला एक शिवी हासडली, मग फावडं घेतलं. पण फावड्याने उशा दुखावतील, म्हणून हातांनी बर्फ उपसला. सात-आठ उशा मोकळ्या केल्या. त्यांना काही झालेलं नाही. ही झाडं गोठूनही मरत नाहीत, सकाळी काचेसारखी कडक आणि दुपारी पुन्हा मऊ. माणसाला अशी सोय हवी होती.

खेचरवाला म्हणतो, ही त्याची शेवटची फेरी, आता रस्ता बंद होईल. माझ्या हाताला धरून म्हणाला, “चला, झालं ते झालं.” मी नाही म्हटलं. पाच-सहा दिवस ऊन पडलं की बोंडं पिकतील असं वाटतं. मग मी पायी उतरेन. वाट आता पाठ आहे. दादाचे गमबूट मला बरोबर होतात.

काळजी करू नका.

धाकटा


२८ ऑगस्ट

भावोजी,

ताबडतोब खाली या. बी गेलं खड्ड्यात. मी थांबा म्हटलं होतं, आता मीच निघा म्हणते आहे. हे पत्र खेचरवाल्याकडे निरोप देऊन पाठवते, जमेल तसं त्याने वर पोचवावं.

ह्यांनीही चार वेळा हात हलवत परत यायचं ठरवलं, ते काही बी नको होतं म्हणून नव्हे. घरी कोणी वाट बघत होतं म्हणून.

वहिनी


१२ सप्टेंबर

भावोजी,

हे पत्र कुठे पाठवायचं तेही माहीत नाही. केंद्राच्याच पत्त्यावर लिहिते.

रोज संस्थेत फोन करते. साहेब म्हणतात, रस्ता बंद आहे, वारा उतरला की माणसं पाठवू. आज त्यांच्या आवाजात “काळजी करू नका” असं काही आलं, तेव्हा मी फोन ठेवून दिला.

टेबलाशी बसते. एकच पान सकाळपासून काढते आहे. शेजारच्या घरात कोणीतरी हसलं की उठून खिडकी लावून घेते. तुम्हाला मी थांबवलं. माणूस गेला त्याचं राहिलेलं काम पुरं करायला मी दुसऱ्याला तिथे बसवलं, आणि तुम्ही इतके भले की नाही म्हणाला नाहीत. तुमच्या घरची माणसं मला काय म्हणतील?

वाट बघण्यात माझा हात कोणी धरणार नाही असं मला वाटायचं. पण ती येणाऱ्या माणसाची वाट होती. ही मला जमत नाही.

वहिनी


पायथ्याचं हॉस्पिटल,
२४ सप्टेंबर

वहिनी,

जिवंत आहे. साहेबांनी तुम्हाला फोनवर सांगितलंच असेल. तुमची दोन्ही पत्रं मला इथे एकत्र मिळाली. मी ती वाचत असताना नर्सबाईंनी माझा रक्तदाब मोजला आणि म्हणाल्या, “काका, नंतर वाचा.”

झालं ते असं. ऊन पडलं, पण वरवरचं. बोंडं तपकिरी व्हायला लागली आणि मी अजून एक दिवस, अजून एक दिवस करत राहिलो. शेवटी तोंडं उघडलेली दिसली तेवढी वेचली, कागदाच्या पुडीत बांधून बनियनच्या आत ठेवली आणि निघालो. अर्ध्या वाटेवर वादळाने गाठलं. एका मोठ्या दगडाच्या आडोशाला बसलो. पाय आधी दुखत होते, मग दुखायचे थांबले, तेव्हा मला बरं वाटलं. तेच वाईट असतं म्हणे. दुसऱ्या दिवशी खेचरवाला शोधत आला. त्याला कोणी पाठवलं नव्हतं. म्हणाला, “खाली आलो, पण जेवण जाईना.”

डाव्या पायाची तीन बोटं गेली. डॉक्टर म्हणतात, काठी घेऊन चालाल. लिफ्टवाल्याला गरज हाताच्या बोटांची, ती शाबूत आहेत.

पुडी या पत्रासोबत पाठवतो. बघा, बरं आहे का. जखम भरेपर्यंत मला इथेच पायथ्याला, संस्थेच्या पाहुण्यांच्या खोलीत ठेवणार आहेत.

धाकटा


३ नोव्हेंबर

भावोजी,

उत्तराला उशीर केला. चार वेळा लिहायला बसले आणि उठले.

पुडी ज्या दिवशी आली त्याच दिवशी बी भिंगाखाली धरलं. पुन्हा धरलं. मग संस्थेत नेऊन त्यांच्या मोठ्या भिंगाखाली बघितलं. खोटं लिहावं असं मनात आलं होतं. रुजलं म्हणून कळवलं असतं तर तुम्ही कुठे तपासायला येणार होतात? पण तीन बोटं देऊन आणलेल्या गोष्टीबद्दल मी तुमच्याशी खोटं बोलू शकत नाही.

बी पोकळ आहे. सगळं. टरफलं वेळेवर तयार झाली, आत गर भरायला दिवस पुरले नाहीत. तुमची चूक काहीच नाही. तुमच्या जागी हे असते तरी हेच झालं असतं.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची राहिली होती. तिथल्या झाडांना एका उन्हाळ्यात कळी धरून फूल फुलवायला सवड नसते. म्हणून कळी आदल्या उन्हाळ्यातच आत तयार होते आणि थंडीभर बर्फाखाली मिटून राहते. जुलैत तुम्ही पाहिलीत ती फुलं गेल्या वर्षी घडलेली, हे त्यांच्या शेजारून हिंडत होते तेव्हा. आणि पुढच्या जुलैत उमलायची ती तुम्ही तिथे बसला होतात तेव्हाच उशांच्या आत तयार झाली आहेत. आत्ता ती तिथे आहेत. केंद्राला कुलूप असेल, बघायला कोणी नसेल, तरी बर्फ हटला की उतार पांढरा होईल.

साहेबांनी सांगितलं, तुम्हाला आता सोडणार आहेत. तुमच्या घरी एकट्याने पाय सांभाळत कसं करणार? साहेब म्हणाले, हॉस्पिटलच्या कागदावर जवळचं माणूस म्हणून तुम्ही माझं नाव घातलंत. मी त्यावर बराच विचार केला. तुमची माणसं, तुमची कामं असं मी उन्हाळाभर लिहीत आले, आणि तुम्ही एकदाही ‘तसं कोणी नाही’ म्हणाला नाहीत.

पुढची खोली रिकामी आहे. इकडे या.

वहिनी


९ नोव्हेंबर

वहिनी,

बी पोकळ निघालं ते वाचून वाईट वाटलं, दादासाठी. माझ्यासाठी वाईट वाटून घेऊ नका. मी बियांसाठी थांबलो नव्हतो.

पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा दादाचं काम म्हणून हो म्हटलं, हे खरं. पण पुढे दर आठवड्याला खेचरवाल्याची पिशवी उघडायची, आणि त्यात माझ्या नावाचं पाकीट असायचं. घरी माझ्या नावाने फक्त विजेचं बिल येतं. बायको गेल्याला नऊ वर्षं झाली. निवृत्त झाल्यापासून बिल्डिंगची लिफ्ट दुसरा मेकॅनिक बघतो, मला कोणी हाक मारत नाही. कधी कधी मी उगीच वर-खाली करतो, कोणी आत आलं तर दोन मजले तरी बोलणं होतं. बी न घेता खाली उतरलो असतो तर लिहायला निमित्त उरलं नसतं, तुमची पत्रं बंद झाली असती. म्हणून अजून एक दिवस, अजून एक दिवस. हे बोटांपेक्षा सांगायला अवघड होतं.

कळ्यांचं लिहिलंत ते वाचून मी बाहेर गॅलरीत जाऊन बसलो. इथून डोंगराचं टोक दिसतं. पांढरं, बंद.

गुरुवारी दुपारच्या गाडीने येतो. स्टेशनवर येऊ नका, गर्दीत तुम्हाला धाप लागेल आणि मला काठी, दोघांची पंचाईत. रिक्षा करून येईन. जिना चढायला मला वेळ लागेल, पावलं एकसारखी वाजणार नाहीत, दचकू नका.

एकच धाकधूक आहे. कागदावर आपण इतकं बोललो, समोरासमोर काय बोलणार? सणावारी घरी यायचो तेव्हा आपलं बोलणं “चहा घेणार?” आणि “नको, आत्ताच झाला” याच्या पुढे कधी गेलं नाही. आणि खरं म्हणजे दर वेळी मला तो हवा असायचा.

या वेळी विचारलंत तर घेतो म्हणेन.

धाकटा